ग्रंथालयाच्या जुन्या संगणकावर डेबियन आणि कोहा : पाच महिन्यांचा अनुभव

मी एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. दाखल नोंदवहीत ११,४०० च्या वर पुस्तकं, एक अभ्यासिका, एक शिपाई आणि २०१६ साली घेतलेला एक संगणक. या संगणकावर जानेवारी ते जून २०२५ या काळात मी कमांड लाइनवरून, म्हणजे माउसऐवजी आज्ञा टाइप करून, जे बसवलं आणि जे काढलं, त्याची ही हकिकत. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणा ग्रंथपालाला ती काळी खिडकी बघून धडकी भरली असेल, तर निदान पुढे काय येणार हे आधी कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरायची.

सुरुवात पैशापासून झाली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालं होतं आणि आमचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. पुस्तकांच्या नोंदी ज्या प्रणालीत होत्या तिच्या विक्रेत्याने नवीन आवृत्तीसाठी जी रक्कम सांगितली, ती आमच्या अनुदानाच्या एका हप्त्यातला मोठा घास होती. वर संगणक नवा घ्यावा लागणार तो वेगळाच. १९ जानेवारीच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत मी कोहाचा प्रस्ताव ठेवला. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात कोहाचं नाव ऐकलं होतं, पण स्वतः कधी बसवलं नव्हतं.

कोहा ही मोफत, मुक्त स्रोत असलेली ग्रंथालय प्रणाली. तिचा जन्म न्यूझीलंडच्या होरोफेनुआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी झाला. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की चालणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून त्यांनी ही लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यांच्यापुढेही तारखेचीच अडचण होती हे मी सभेत सांगितलं, तेव्हा सचिव सर म्हणाले, "मग करून बघा. पण हिशेबात काय दाखवायचं? मोफत वस्तूचं बिल कुठून आणणार?" त्यावर असं ठरलं की ठरावातच लिहायचं : प्रणाली विनामूल्य, परवाना खुला, खर्च फक्त सुट्या भागांचा. हा ठराव आधी करून घ्या. पुढे लेखापरीक्षकांनी विचारलं तेव्हा तेवढ्या एका कागदावर काम भागलं.

सुट्या भागांसाठी तीन दरपत्रकं मागवली. २४० जीबीची एसएसडी १,६५० रुपये, जास्तीची रॅम १,१०० रुपये, पेनड्राइव्ह ३५० रुपये. रॅम चारची आठ जीबी झाली. यूपीएसची बॅटरी बदलायची की नाही यावर मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं. ते का चुकलं ते पुढे येईलच.

डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मोफत लिनक्स प्रणाली. कोहा डेबियनवर सर्वांत नीट चालतं, असं त्यांचे लोकच सांगतात. त्यामुळे डेबियन १२ निवडलं. या आवृत्तीचं नाव 'बुकवर्म', म्हणजे पुस्तकातला किडा. ग्रंथालयात ज्याच्यावर औषध फवारतो त्याच्याच नावाची प्रणाली आपल्या संगणकावर येतेय, याचं मला फार अप्रूप वाटलं. सोमवारी ग्रंथालयाला साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून १० फेब्रुवारीचा सोमवार धरला. अभ्यासिकेत येणारा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मदतीला आला. त्याने एकदाच बजावलं, "मॅडम, माउस मी धरणार नाही. टाइप तुम्हीच करायचं." तेव्हा राग आला होता. आज त्याचे आभार मानते.

डेबियन बसायला पाऊण तास लागला. त्या दिवशी ग्रंथालयाचं इंटरनेट बंद होतं, म्हणून जोडणी न करताच पुढे गेलो. बसवताना 'रूट'चा, म्हणजे संगणकाच्या मुख्य कारभाऱ्याचा, पासवर्ड विचारतात, तोही मी भरला. या दोन्ही गोष्टी नंतर नडल्या.

संध्याकाळी टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडून आयुष्यातली पहिली कमांड दिली : सुडो ॲप्ट अपडेट. सुडो म्हणजे कारभाऱ्याच्या अधिकाराने, आणि ॲप्ट म्हणजे पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) आणणारं साधन. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजून मी दोनदा थांबले. तो बिघडलेला नसतो, पासवर्ड पूर्ण लिहून एंटर दाबायचं. दाबलं, तर उत्तर आलं की तुमचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये, म्हणजे सुडोचा अधिकार असणाऱ्यांच्या यादीत, नाही. स्वतःच्याच ग्रंथालयात ओळखपत्र मागितल्यासारखं वाटलं.

कारण साधं होतं. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड भरला, तर ते गृहीत धरतं की कारभार रूट बघणार, आणि आपल्याला सुडोचा अधिकार देत नाही. ती जागा रिकामी सोडली असती तर अधिकार आपोआप मिळाला असता. आता दुरुस्तीसाठी रूट व्हायचं आणि स्वतःला सुडो गटात घालायचं : युजरमॉड, मग उणे ए जी (उणे म्हणजे छोटी आडवी रेघ, आणि यातला जी मात्र मोठ्या अक्षरात), सुडो आणि आपलं नाव. मी 'एसयू' लिहून रूट झाले, युजरमॉड लिहिलं, तर म्हणे अशी कमांडच सापडत नाही. अर्धा तास त्यात गेला. नुसतं 'एसयू' चालत नाही, त्यापुढे मोकळी जागा सोडून एक छोटी आडवी रेघ लागते. त्या रेघेमुळे रूटचं स्वतःचं वातावरण मिळतं आणि कारभाराच्या कमांड जिथे ठेवलेल्या असतात ते फोल्डर दिसू लागतं. मग लॉगआउट करून परत आत यायचं, नाहीतर बदल लागू होत नाही. यातलं काहीच अवघड नाही. पण कुणी सांगेपर्यंत भिंतच असते.

पुढच्या सोमवारी, १७ फेब्रुवारीला, फोनचं इंटरनेट केबलने जोडून पुन्हा बसले. आता ॲप्ट म्हणालं, अमुक नावाची डिस्क ड्राइव्हमध्ये घाला. आमच्याकडे ड्राइव्हच नाही! इंटरनेट न जोडता प्रणाली बसवल्याचा हा परिणाम. ॲप्ट पॅकेजं कुठून आणायची ते सोर्सेस डॉट लिस्ट नावाच्या फाइलमध्ये बघतं, आणि आमच्या फाइलमध्ये बसवण्याच्या डिस्कशिवाय दुसरा पत्ताच नव्हता. नॅनो या संपादकात फाइल उघडून डिस्कच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकलं (म्हणजे ती ओळ बाद), आणि खाली डेबियनच्या मुख्य भांडाराची, सुधारणांची आणि सुरक्षेची अशा तीन ओळी डेबियनच्या अधिकृत विकीवरून बघून लिहिल्या. कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. परत अपडेट. ओळींमागून ओळी सरकू लागल्या आणि शेवटी 'डन' आलं. मला एवढा आनंद झाला की मी शिपाईमामांना बोलावून ती ओळ दाखवली.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसली. अपडेटने संगणकावरचं एकही पॅकेज बदलत नाही. ते फक्त भांडाराची ताजी सूची आणतं. प्रकाशकाची नवी यादी टपालाने आली म्हणजे पुस्तकं कपाटात आली असं होत नाही, तसंच हे. पुस्तकं आणायची कमांड वेगळी : आधीपासून असलेल्यांच्या नव्या आवृत्त्या हव्या असतील तर अपग्रेड, नवं काही हवं असेल तर इन्स्टॉल. सूची न आणता इन्स्टॉल म्हटलं की 'पॅकेज सापडत नाही' असं उत्तर येतं, आणि माणूस उगाच स्पेलिंग तपासत बसतो.

सराव म्हणून कोहाआधी दोन छोटी पॅकेजं बसवली : टेसरॅक्ट-ओसीआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-मार. पहिलं चित्रातली अक्षरं ओळखतं, दुसऱ्यामुळे त्याला मराठी येते. आमच्या जुन्या छापील वार्षिक अहवालाचं एक पान स्कॅन करून त्याला दिलं. जोडाक्षरांत चुका होत्या, शाई फिकी होती तिथे गोंधळ होता, पण संस्थापकांची नावं मात्र बरोबर वाचली. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी असल्याच निरुपद्रवी पॅकेजपासून करावी. बसवा, वापरा, काढा, पुन्हा बसवा. हात बसतो आणि भीती जाते.

कोहा डेबियनच्या मुख्य भांडारात नाही. कोहाच्या लोकांचं स्वतःचं भांडार आहे. २४ फेब्रुवारीला त्याचा पत्ता सोर्सेसच्या फोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये लिहिला आणि अपडेट दिलं. ॲप्टने नकार दिला : सार्वजनिक किल्ली नसल्यामुळे सह्या पडताळता येत नाहीत. प्रत्येक भांडार आपल्या सूचीवर डिजिटल सही करतं, आणि ती पडताळायची किल्ली आपल्याकडे नसेल तर ॲप्ट त्यावर विश्वास ठेवत नाही. जुन्या सूचनांत ॲप्ट-की नावाची कमांड दिलेली असते. ती आता वापरू नका. किल्लीची फाइल कोहाच्या संकेतस्थळावरून उतरवून कीरिंग्ज फोल्डरात ठेवायची आणि पत्त्याच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून ती कुठे आहे ते सांगायचं. अशी किल्ली फक्त त्या एका भांडारापुरती चालते. शिक्क्याशिवाय आलेला कागद आम्ही आवक नोंदवहीत घेत नाही, त्यामुळे हा नकार मला मनापासून पटला. पडताळणी बंद करायचे उपाय कुणी सुचवले तर ऐकू नका.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम होता. तो आठवडा त्यातच गेला.

३ मार्च, सोमवार. सुडो ॲप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन. एका पॅकेजची मागणी केली आणि पडदाभर नावं आली, पाचशेच्या वर. त्यातली बरीचशी 'लिब'ने सुरू होणारी आणि 'पर्ल'वर संपणारी, कारण कोहा पर्ल भाषेत लिहिलंय आणि त्याला त्या भाषेची कितीतरी ग्रंथालयं लागतात. तिथेही त्यांना लायब्ररीच म्हणतात. शेवटी ॲप्ट विचारतं : इतकं उतरवावं लागेल, डिस्कवर इतकी जागा लागेल, पुढे जाऊ? वाय की एन? त्यातला वाय मोठ्या अक्षरात असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी होकार धरला जातो. तिथे मी थांबून काय नवं येणार, काय काढलं जाणार हे दोन्ही वाचलं. 'काढले जाणारे' असा परिच्छेदच नव्हता. मग वाय दाबलं.

उतरवून झालं, पॅकेजं उघडून बसू लागली, आणि दुपारी पावणेदोनला वीज गेली. यूपीएसने एक शिट्टी दिली आणि संगणक बंद. तीन तास वीज नव्हती. त्या तीन तासांत सभेत काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत बसले होते.

वीज आल्यावर संगणक सुरू झाला, डेस्कटॉपही आला. पण ॲप्टला काहीही सांगितलं तरी एकच उत्तर : डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, तुम्ही स्वतः सुडो डीपीकेजी, दोन रेघा, कॉन्फिगर, मग उणे ए ही कमांड द्या. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज उघडून बसवणारा हात. ॲप्ट सूची, पत्ते आणि अवलंबन (कुठल्या पॅकेजाला दुसरं कुठलं लागतं ते) बघतं, आणि हमाली डीपीकेजी करतं. कुठलं पॅकेज कुठवर आलं याची नोंद ते ठेवत असतं, म्हणून तुटल्या जागेपासून पुढे जाता येतं. सांगितलेली कमांड जशीच्या तशी दिली, मग सुडो ॲप्ट, दोन रेघा, फिक्स-ब्रोकन, इन्स्टॉल ही दिली, आणि वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं. चूक सांगतानाच उपायही सांगणारी यंत्रणा मी सरकारी कामात फार कमी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी यूपीएसला नवी बॅटरी आणली, १,१५० रुपये. एकूण खर्च ४,२५० रुपये झाला तो असा.

त्याच आठवड्यात एकदा 'कुलूप मिळत नाही' असा संदेश आला. दुसरी कुठली तरी प्रक्रिया डीपीकेजीचं कुलूप धरून बसली आहे, आणि तिचा क्रमांकही दिला होता. प्रणाली पाठीमागे आपोआप सुरक्षा सुधारणा बसवत होती, एवढंच. इंटरनेटवर कुणी सांगतं कुलुपाची फाइल पुसून टाका. तसं करू नका. दोन कारकून एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू लागले तर काय होईल ते आपल्याला माहीत आहे. मी चहा घेऊन आले तोवर कुलूप सुटलं होतं.

मग नोंदी साठवणारं मारियाडीबी-सर्व्हर बसवलं, पानं दाखवणाऱ्या अपाचीचे लागणारे भाग सुरू केले आणि कोहा-क्रिएट कमांडने 'टेस्ट' नावाची प्रत, म्हणजे कोहातलं एक स्वतंत्र ग्रंथालय, उभी केली. वाचकांचं पान उघडलं, कर्मचाऱ्यांचं उघडेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कर्मचाऱ्यांचं पान ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारावर) होतं आणि अपाचीच्या पोर्ट्स फाइलमध्ये 'लिसन ८०८०' ही ओळ नव्हती. ती घातली, अपाची परत सुरू केलं. १७ मार्चला लॉगिनचं पान दिसलं. पहिला पासवर्ड कुणी विचारत नाही की सांगत नाही, तो सुडो कोहा-पासडब्ल्यूडी आणि प्रतीचं नाव दिलं की छापून येतो.

आठवडाभर मी ६३ पुस्तकांच्या नोंदी करून पाहिल्या. मराठी शीर्षकं, लेखकांची नावं, सगळं युनिकोडमध्ये नीट बसत होतं. पण शिकता शिकता केलेल्या नोंदी, कुठे शाखेचा संकेत चुकलेला, कुठे वाचकाचा प्रकार. ठरवलं की हे सगळं काढून स्वच्छ सुरुवात करायची. आणि इथे काढणं हे बसवण्याइतकंच शिकण्यासारखं काम आहे हे कळलं.

२४ मार्चला मी सरळ सुडो ॲप्ट रिमूव्ह कोहा-कॉमन दिलं. गेलं. मग लक्षात आलं की 'टेस्ट' प्रतीचा डेटाबेस तसाच आहे, अपाचीतली नोंद तशीच आहे आणि ती काढायची कोहा-रिमूव्ह ही कमांड कोहा-कॉमनबरोबरच गेली. डीपीकेजी, उणे एल दिलं की यादीत पॅकेजाच्या नावापुढे 'आरसी' दिसतं : पॅकेज काढलंय, सेटिंगच्या फाइली मागे आहेत. रिमूव्ह प्रोग्रॅम काढतं आणि सेटिंग ठेवतं, पर्ज सेटिंगही काढतं. आपण स्वतः भरलेला डेटाबेस मात्र या दोन्हींच्या हिशेबात येतोच असं नाही.

म्हणून कोहा-कॉमन पुन्हा बसवलं. सोबतची पाचशे पॅकेजं अजून जागेवर होती, त्यामुळे तेवढं एकच उतरावं लागलं. नशीब, त्याआधी ऑटोरिमूव्ह दिलं नव्हतं. ज्यांची आता कुणाला गरज नाही अशी पाहुणी पॅकेजं ते काढतं, आणि त्या घडीला त्याच्या लेखी ती सगळीच पाहुणी होती. मग योग्य क्रम : आधी कोहा-डम्प टेस्ट देऊन नोंदींचा बॅकअप पेनड्राइव्हवर, मग कोहा-रिमूव्ह टेस्ट, आणि मग 'लायब्ररी' नावाची नवी प्रत.

मारियाडीबीही पर्ज करून नव्याने बसवावं असं एकदा मनात आलं होतं. कमांड दिली, तर निळ्या पडद्यावर प्रश्न आला : सगळे डेटाबेस पुसून टाकायचे का? हात थांबला. गरजच नव्हती, मी 'नाही' म्हटलं आणि मारियाडीबी परत बसवलं. तेव्हापासून काहीही काढण्याआधी ॲप्ट, उणे एस, रिमूव्ह असं लिहून आधी रंगीत तालीम करते. उणे एस लावलं की काय काय जाईल ते दिसतं, प्रत्यक्षात काहीच जात नाही. ज्या पॅकेजाचं नाव ओळखीचं नाही त्यासाठी ॲप्ट शो आणि नाव दिलं की चार ओळींत माहिती मिळते. आणि काल काय केलं हे विसरलं असेल तर व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये ॲप्टची हिस्टरी नावाची फाइल असते : तारीख, वेळ, दिलेली कमांड, आलेली आणि गेलेली पॅकेजं. अशी रोजकीर्द मी स्वतः कधी ठेवली नसती.

३० मार्चला गुढीपाडवा होता. सुट्टी होती, तरी सकाळी दोन तास गेले. सचिव सर आले, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं, आणि दाखल क्रमांक १ ची नोंद आम्ही 'लायब्ररी' प्रतीत केली. त्या पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं आहे, शिक्का मात्र स्पष्ट आहे.

कोहा रोज आपोआप बॅकअप काढतं, पण त्या वेळी संगणक चालू असेल तर. आमचा तेव्हा बंद असू शकतो. म्हणून दर शनिवारी मी हाताने कोहा-डम्प करून पेनड्राइव्ह घरी नेते. सोमवारी सकाळी अपडेट, मग ॲप्ट लिस्ट, दोन रेघा, अपग्रेडेबल. त्या यादीत कोहा-कॉमन असेल तर आधी डम्प, नंतरच अपग्रेड. कोहाची नवी आवृत्ती दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. २०२५ च्या मेमध्ये आली तेव्हा वाचकांची परीक्षांची गर्दी होती, म्हणून सुडो ॲप्ट-मार्क होल्ड कोहा-कॉमन देऊन ती अडवून ठेवली आहे. सवड झाली की अनहोल्ड करेन. हे लिहिलं तेव्हा, जून २०२५ मध्ये, डेबियन १३ येऊ घातलं होतं. कोहावाले त्यासाठी हिरवा कंदील दाखवेपर्यंत बुकवर्मवरच राहायचं असं आम्ही ठरवलं.

मेमध्ये एका आजोबांनी वाचकांच्या पानावर स्वतः 'द्राक्ष' असं टाइप करून शोधलं. चार पुस्तकं आली, त्यातली दोन कपाटात होती. त्यांनी चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहून माझ्याकडे दिला.

आज २२ जून २०२५, रविवार. नोंद ३,२१८ पर्यंत आलो आहोत, दिवसाला साधारण चाळीस होतात. विद्यार्थ्याच्या परीक्षा संपल्या, तो गावाला गेलाय. उद्या सोमवार आहे. साडेनऊला जाऊन आधी यूपीएसचा दिवा बघायचा, मग अपडेट.